शांताच्या शेतावरचा शनिवार

२० ऑक्टोबर, रविवार
प्रार्थना माझ्याच घराच्या हॉलमध्ये, रोह्याला. माणसं नऊ. पाळकसाहेब पनवेलहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार माझ्या गळ्यात. हंगामाचा सण १० नोव्हें.ला ठरला. साहेब फोनवर म्हणाले, "सिस्टर, संदेश तुम्हीच द्या. उपकारस्तुती आणि सेवा." हो म्हटलं. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होते, सेवेवर बोलायला काय अवघड.
प्रार्थना म्हणताना आत काही हलत नाही. वर्ष झालं. कुणाला सांगू.
शांता आली नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत शेत असलेली ती एकटीच.

२२ ऑक्टो., मंगळ.
गडबला, शांताच्या गावी, जाऊन आले. शांताचा नवरा याकोब गणपतीपासून अंथरुणावर, उजवी बाजू गेलीय. लघवीची नळी बदलली. पाठीची जखम आणखी खोल.
भात पिकून लोंब्या खाली आल्यात. तीन खाचरं. गावातली पोरं कंपनीत. वाडीवरची मजूर माणसं शुक्रवारी यायला तयार आहेत, दिवाळीच्या सुमारास ती विटांच्या भट्टीवर जातात. शांता म्हणाली, "आठ मानसांचा जेवण कोण करील? आनि यांना कुशीवर कोण वळवील?"
मी म्हटलं, "त्यांना बोलावूच नको. शनिवारी आपली मंडळी येईल. डबे घेऊन येऊ. तू याकोबपाशी बस."
"नक्की ना, सिस्टर? मंग मी वाडीच्या मुकादमाला नको म्हनून सांगते."
"नक्की."
एसटीत खिडकीशी बसून मनात आलं, चला, संदेशात सांगायला दाखला मिळाला. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

२४ ऑक्टो., गुरु.
फोन, फोन, फोन. पाच जण नक्की. दोघं "बघतो".

२६ ऑक्टो., शनि.
स्टँडवर मंडळीतले फक्त फिलिप मास्तर. वय एकाहत्तर. बाकीच्यांची शिफ्ट, पाहुणे, गुडघे. एकाचा फोनच बंद. दिवाळीच्या तोंडावर तारीख धरली, हे मलाच सुचायला हवं होतं.
तासाभरात मास्तरांनी बोट कापून घेतलं. पट्टी बांधली. दिवसभरात तेवढंच एक काम मला नीट जमलं. शेवटी शांताच विळा घेऊन उतरली. घरातून याकोबची हाक आली की धावत वर, पुन्हा खाली. आम्ही तिघांनी मिळून चार वाजेपर्यंत एक खाचर आडवं केलं. डबे तसेच राहिले.
पाचला आभाळ आलं. कापलेलं उचलायला धावलो. चार भारे पडवीत आले आणि पाऊस कोसळला. मी तरीही वाकून गोळा करत होते, हातात नुसता चिखल येत होता. शांता बांधावरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." आवाज साधाच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टो., मंगळ.
पाऊस चालूच. शांता फोन उचलत नाही. मुकादमाला लावला. "बाय, मानसं गेली भट्टीवर. आमी शुक्रवारी येत व्हतो, तिनंच नको सांगितलान."
तिला नको म्हणायला मी लावलं, हे त्याला सांगितलं नाही. ठीक आहे म्हणून फोन ठेवला.

३ नोव्हें., रवि.
माणसं सात. पावसाबद्दल एक बाई म्हणाली, "देवाची इच्छा." त्या शनिवारी हिचेच गुडघे दुखत होते. मी मान हलवली. का हलवली?

५ नोव्हें., मंगळ.
गडब. कापलेल्या भाताला कोंब आलेत, बोटभर, हिरवेगार. उभं होतं ते लोळलंय, त्यालाही कोंब. शेजारच्या शेतातलं भात त्या शुक्रवारीच घरात गेलं. वाडीवरच्याच माणसांनी कापलं. शांताकडून नकार आला म्हणून ती तिकडे गेली होती.
पडवीतले चार भारे शांताने पंख्याखाली पसरलेत. वास येतो.
निघताना म्हणाली, "सिस्टर, मी तुमच्यावर रागवले नाय. पन आयतवारी सनात मला आभार मानायला उभी करू नका."

१० नोव्हें., रवि. हंगामाचा सण.
हॉल भरला. साहेब आले, पनवेलची दोन कुटुंबंही. कुणीतरी पेणच्या बाजारातून लोंब्यांची सुंदर जुडी आणली, टेबलावर ठेवली. भोपळे, नारळ, तांदूळ.
मी शनिवार सांगितला. दोन म्हातारी माणसं, विळा, मास्तरांचं बोट, पाऊस. थोडक्याची सेवाही देवाला पोचते, असं मी म्हणाले. बायकांनी डोळे पुसले. त्या दिवशी न आलेल्यांपैकी एकाने माझे दोन्ही हात धरले. साहेब म्हणाले, "असा संदेश बऱ्याच दिवसांत ऐकला नाही."
मुकादमाला नको सांगायला मीच लावलं, ते गाळलं.
रात्री गुडघे टेकले. "हे प्रभू" म्हटलं आणि पुढे…

११ नोव्हें., सोम.
पहिल्या गाडीने गडब. याकोबच्या पाठीची पट्टी बदललेली होती, स्वच्छ, कडा माझ्याहून नीट. शांता म्हणाली, "आता जमतंय मला. तुमी नका येऊ एवढ्या लांबनं धावत."
चहा दिला. मग विचारलं, "काय बोललात आयतवारी?"
सगळं सांगितलं. काय बोलले आणि काय गाळलं, तेही. एसटीत सुचलेल्या दाखल्याचंसुद्धा. याकोब भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.
शांताने माझा रिकामा कप उचलला. म्हणाली, "लोकांना आवडला ना? मंग झालं."
मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगते."
"त्यानं माजं भात येईल?"
मी पिशवी उचलली.
ती दारापर्यंत आली. शेताकडे बघत, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलली, "भातामागं वाल पेरायला ओल हाय अजून. चार दिस ऱ्हाईल. माज्यात ताकद नाय."
मी येते, हे शब्द तोंडात आले होते. गिळले. खोटं वचन नको म्हणून गिळले की भिऊन, ते घरी येऊन तीन तास झाले तरी ठरत नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं होतं. मग आत गेली.