गोणपाटाची गाठ

बुधवार, ७ जानेवारी २०२६
परवाच्या नोंदीत चूक आहे. डोंगर वसतिगृहापासून तीन किलोमीटर लिहिला होता, दोनच आहे. शाळेत जायच्या आधी अज्जांनी, म्हणजे आजोबांनी, मला उदगीरच्या घरी लिहायला शिकवलं, तेव्हाच सांगितलं होतं की लिहिलेलं खोडायचं नाही, खाली दुरुस्ती करायची. बाकी सगळं छान. किनवटचा गारठा, उन्हाची खोली, पहिली नोकरी, सांभाळायला बारा मुली. रविवारी त्यांना घेऊन माथ्यावर जायचं आहे.

रविवार, ११ जानेवारी
वाटेवर कमरेएवढं वाळलेलं गवत, नुसती कुसळं. म्हणून स्वयंपाकाच्या शिवकन्या मावशींनी सकाळी प्रत्येकीच्या पोटऱ्यांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं. माझ्याही. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, तेही खाली आल्यावर, असं बजावलं. मुली म्हणाल्या, मावशी रुसल्या तर मॅडमला गोणपाटातच झोपावं लागणार. माथ्यावर दाट धुकं. सहावीतल्या अक्षराला सुतळी रुतून रक्त आलं होतं. पाय मांडीवर घेऊन मी गाठ सोडली, पुसलं, पुन्हा बांधलं. दुपारी बाराही मुली सुखरूप खाली.

सोमवार, १२
काल मावशींनी माझं आणि अकरा जणींची गोणपाटं सोडली. अक्षराच्या पायाला हात लावला आणि मागे सरकल्या. ही गाठ माझी न्हाई, म्हणाल्या. मग मीच सोडली. पोटरीवर जखम नाही. वळ नाही. एक कुसळसुद्धा नाही.

बुधवार, १४
अक्षरा जेवत नाही. चुलीजवळ जात नाही. भर दुपारी माथ्यावर निळा स्वेटर घातलेली मुलगी उभी दिसली. अक्षराचाच स्वेटर. आणि अक्षरा तर इथे व्हरांड्यात, तोच स्वेटर घालून. अधीक्षक अमरेश सरांना सांगितलं. हसले. हजेरी पूर्ण आहे ना मॅडम, मग शोधायचं कुणाला?

गुरुवार, १५
मावशी म्हणतात, नवीन आहात, नादी लागू नका. वर राहिलं ते राहू द्या.
नाही राहू देणार. ते रक्त मी पुसलंय.

शुक्रवार, १६
दुरुस्ती, रविवारच्या नोंदीत: बारा नाही. अकरा मुली खाली आणल्या.
अक्षरासारखी दिसणारी ती आता माझ्या दाराबाहेर बसते. बोटाला सुतळी गुंडाळत. मघाशी म्हणाली, "मॅडम, तुमची गाठ कोण सोडणार?"
रविवारी मावशीच बांधतील, त्याच सोडतील. विचारलंय. रडत रडत मान डोलावून हाव म्हणाल्या.
कडी हलतेय. हलू दे. लिहून ठेवते, खोडणार नाही — रविवार, १८ जानेवारी, सकाळी सात. जाताना मी एकटी. येताना दोघी, मी आणि —