दुधनीचा मोगरा

भवानी पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. उत्कर्षास,

सासूचा आशीर्वाद. मी बरी आहे, तुम्ही दोघं बरे असालच. फोन असताना पत्र कसलं, म्हणशील. रविवारी अजिंक्य स्पीकर लावून बोलतो, तू मागून ‘बरं आहे’ म्हणतेस आणि कामाला लागतेस. म्हणून कागद.

गच्चीवर शेवंतीला कळ्या आल्यात. पावसाळ्यात दोडका एवढा माजला की शेजारच्या गौरम्माच्या टीव्हीच्या डिशवर जाऊन चढला. तिकडचे दोडके तिनं तिकडंच खाल्ले, मला एक दाखवला नाही. आता घेवडा फुलावर आहे, मेथी उद्या खुडायची. नळ अजून चार दिवसांआडच येतो. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मी अजून वर नेते. गुडघे कुरकुरतात, पण पाणी मोरीत ओतायचं जिवावर येतं.

त्या सवयीचंच सांगायचंय.

या उन्हाळ्यात ड्रममधला कढीपत्ता वाळला. गौरम्मानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

“मिठाचं पाणी कोण घातलं हो ह्याला?”

“कोण घालतंय? मी एकटीच की हितं,” म्हटलं, आणि मग आठवलं. लोणच्याच्या फोडी मिठात ठेवून धुतल्या होत्या. ते बादलीभर पाणी मीच ओतलं होतं.

आदल्या वर्षीही ओतलं होतं. तुझ्या मोगऱ्याला.

तुझ्या आईनं दुधनीहून दिलेलं रोप ते. वाळलं तेव्हा मी गौरम्मा आणि आणखी दोघींसमोर म्हणाले, “पाळीत हात लावलास, म्हणून गेलं.” तू झारी खाली ठेवलीस, ती परत उचलली नाहीस. त्याच दिवाळीनंतर तुम्ही पुण्याला बिऱ्हाड केलंत. अजिंक्यच्या नोकरीसाठी, असं मी सगळ्यांना सांगते.

हे मला जूनमध्ये कळलं आणि लिहायला नोव्हेंबर उजाडला. माझं चुकलं, उत्कर्षा. मोगरा मी मारला आणि बोल तुला लावला. त्या तिघींना घरी बोलावून खरं सांगितलं. गौरम्मा म्हणाली, “आमाला सांगून काय करता, तिला सांगा की.”

पाणी घालताना तू कुंड्यांशी कानडीत पुटपुटायचीस. मला वाटायचं, माझीच निंदा चाललीय. आता संध्याकाळी वर गेले की तेच ऐकावंसं वाटतं. तुझी फार आठवण येते.

मोगऱ्याची कुंडी घासून नव्या मातीनं भरून ठेवलीय. तिच्यात दुसरं काही लावलं नाही. दुधनीला गेलीस तर आईकडून एक फांदी मागशील? नाही मागितलीस तरी ये.

आणि तारीख बघून येऊ नकोस. पाळी असली तरी झारी तुझ्याच हातात देईन.

तू पूर्वी जिला आई म्हणायचीस, ती
वच्छला