अप्पाजींच्या मळ्यातली पवनचक्की

रविवार, १० फेब्रुवारी १९५७

कनका गेल्यापासून आज पहिल्यांदा तिच्या माहेरी गेलो. जायचं नव्हतं. पण गुरुवारी सुब्बा — सासऱ्यांच्या मळ्यातला माळी — पेरांबूरला आमच्या क्वार्टरवर निरोप घेऊन आला. "बैल विकला. मोट बंद आहे. जुनी पवनचक्की दुरुस्त करून द्याल का, असं ऐयांनी विचारलंय." ऐया म्हणजे माझे सासरे, अप्पाजी. रेल्वेत फिटर जावई आहे, म्हणून आठवण झाली असेल.

अड्यारच्या पुढे तिरुवान्मियूरपर्यंत बस, मग वाळूतून चालत. अप्पाजी फाटकातच उभे होते. वाटलं, आता म्हातारा रडेल, मग मलाही रडता येईल. ते म्हणाले, "या माप्पिळ्ळे. जेवण जाहलें?" — जावयाला त्यांच्याकडे असंच म्हणतात, तामिळमधून — आणि सरळ चक्कीकडे घेऊन गेले.

एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, यांनीच वाढवलेली. नोव्हेंबरात विषमज्वराने गेली. आणि तिच्या नावाचा एक शब्द नाही.

चक्की कुणा इंग्रजाने बसवलेली. मळा आधी त्याचा होता. लोखंडी मनोरा शाबूत आहे. वरच्या चाकाची निम्मी पाती वादळात उडालेली. बेअरिंग झिजलेलं. चाक वाऱ्याकडे वळवणारं पत्र्याचं शेपूट गंजून अडकलेलं. विहिरीतल्या पंपाची दांडी मोडलेली. सुटे भाग आता कुठेच मिळायचे नाहीत. लागेल ते हाताने करायचं.

नाहीच म्हणणार होतो. 'बघतो' म्हणालो.

१७ फेब्रुवारी

डांबराची रिकामी पिंपं छिन्नीने कापून पत्रे काढले. पात्याला बाक हवा. तो देणार कशाने? मळ्यात ताडाचं एक खोड पडलेलं आहे, त्यात खोलगट चर कोरला आणि पत्रा त्यावर ठेवून चिंचेच्या लाकडाच्या मोगरीने ठोकत बसलो. पहिली दोन फुकट गेली. तिसरं जुन्या पात्यावर ठेवून पाहिलं — बरोबर बसलं.

अप्पाजी दिवसभर पत्रा धरून बसले होते. त्यांची ती तंजावरी मराठी — 'येथें', 'तेथें', मध्येच तामिळ, 'हो'ला 'आमा', 'बरं'ला 'सरि'. कनका अशीच बोलायची. लग्नानंतर माझी आई साताऱ्याहून आली, तिच्या बोलण्याला हसली, तेव्हापासून ती जपून बोलायला लागली. रागावली की मात्र सगळं परत यायचं. आज अप्पाजी म्हणाले, "कां उगे बैसलांत?" — अगदी तिच्याच सुरात. हातातली मोगरी तशीच राहिली.

हे बोलणं आता या एकाच तोंडून ऐकायला मिळणार.

२० फेब्रुवारी

कामावरून आलो. कुलूप काढलं. आत जावंसं वाटेना. पायरीवरच बसलो.

३ मार्च

बेअरिंग ओतलं. मूर मार्केटातून आणलेल्या भंगारातला पांढरा धातू लोखंडी पळीत वितळवला. चाकाच्या दांड्याला दिव्याची काजळी फासली, म्हणजे भोवती ओतलेला धातू त्याला चिकटत नाही. दोन्ही बाजूंनी चिकणमातीचा बांध. ओतताना हात थरथरून चालत नाही. तेवढा वेळ बरं असतं. धातू गार व्हायची वाट बघत बसायचं, ते वाईट.

अप्पाजी मातीचा बांध थापत होते. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "मामा, तुम्हाला तिची आठवण येत नाही?"

त्यांनी वर पाहिलं. "येते की," म्हणाले. आणि परत माती थापायला लागले.

येते की! बाजारातून आणायच्या भाजीची आठवण यावी, तसं. परत येताना बसमध्ये ठरवलं — चक्की करून द्यायची आणि सुटायचं. पुन्हा या माणसाच्या दारात पाऊल टाकायचं नाही.

२४ मार्च

पंप बाहेर काढला. आतले चामडी वायसर कुजून गेले होते. म्हशीचं चामडं तेलात भिजवलं, लाकडाचा साचा करून त्यात वाटीसारखं दाबून ठेवलं. पुढच्या रविवारपर्यंत आकार धरेल. वरचे नट एवढे गंजलेत की साधा पाना लागत नाही. लॉरीच्या कमानीचं जुनं पातं भट्टीत तापवून लांब दांड्याचा पाना घडवला. सुब्बाने भाता ओढला.

अप्पाजींनी भात वाढला. आमटीत मीठ नव्हतं. मी वरून घेतलं. ते तसेच जेवले.

३१ मार्च

उद्या पाडवा. वायसर छान झालेत. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

१४ एप्रिल

सगळी पाती चढवली. ब्रेक सोडला. चाक थोडं फिरलं, वारा कलला आणि थांबलं. शेपूट अजून वळत नव्हतं. तेलाचा डबा घेऊन वर चढलो.

मनोऱ्यावरून समुद्र दिसतो. कनका सांगायची — लहानपणी ती शिडीने इथवर चढून बसायची आणि अप्पाजी खालून हाका मारून दमायचे. मी आजवर वर आलो तो कामाच्या नादात. आज चाक धरून उभा राहिलो आणि एकदम रडू फुटलं. खाली दिसत नव्हतं, ते बरं झालं.

"काय जाहलें? कोठें अडलें?" अप्पाजी ओरडले.

"शेपूट," मी म्हणालो.

२८ एप्रिल

झालं. शेपटाचा खिळा कानशीने घासून नवा केला होता, तो बसवला. दुपार कलल्यावर समुद्रावरून वारा सुटला. शेपूट हळूच वळलं, चाक वाऱ्यासमोर आलं आणि फिरायला लागलं. पंपाची नवी दांडी वर-खाली, वर-खाली. बराच वेळ नळातून नुसता हवेचा आवाज. मग गंजाचं तांबडं पाणी. मग स्वच्छ.

अप्पाजींनी ओंजळीत धरून तोंडावर मारलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मलाही कित्येक दिवसांनी बरं वाटलं — अगदी थोडा वेळ.

कारण ते म्हणाले, "आतां पुढल्या खेपेस कनकेला आणा. दर वेळीं एकटेच येतां. मला काय वाटेल, याचा विचार नको?"

मी सुब्बाकडे पाहिलं. तो मान खाली घालून पाटाची माती सारखी करत होता.

फाटकापर्यंत तो सोडायला आला. म्हणाला, "दिवसकार्य झाल्यानंतर महिन्याभरात हे सुरू झालं. आधी मी खरं सांगायचो. मग सांगणं सोडलं. चक्की तिच्यासाठीच हवी होती त्यांना. मुलगी येईल तेव्हा झाडं वाळलेली दिसू नयेत, म्हणून."

चितेजवळ उभे होते ते. माझ्या शेजारी. आणि मी यांना दगड समजत होतो.

५ मे

आज सांगितलं. रात्रंदिवस विचार करून ठरवलं होतं — बापाला खरं कळायला हवं, खोटं बोलायचं नाही.

विहिरीच्या कट्ट्यावर बसवलं. म्हटलं, "मामा, कनका राहिली नाही. नोव्हेंबरात गेली. तुम्ही आला होता."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग विचारलं, "माझी कनका?" आणि रडायला लागले — आत्ताच तार आल्यासारखे. माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. मीही रडलो. तिच्या नावाने आम्ही दोघं एकत्र रडलो ते आजच. मला फार मोकळं वाटलं. त्यांना काय वाटलं, ते पाहवत नव्हतं. जेवले नाहीत. निघालो तेव्हा भिंतीकडे तोंड करून निजले होते.

१२ मे

चक्की छान चाललीय. केळींना पाणी पोचलंय. अप्पाजी फाटकात उभे होते. माझ्या पाठीमागे रस्त्यावर दूरवर पाहिलं.

"एकटेच? कनका कोठें?"

सुब्बा घागर खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिला.

"साताऱ्याला गेलीय, मामा. माझ्या आईकडे."

"सरि," ते म्हणाले. "पत्र लिहाल तेव्हां सांगा तिला — पाणी आलें."

"लिहितो," मी म्हणालो.