वेनी

डहाणू

प्रिय रुचिता,

तुझ्या लग्नानंतर सहा वर्षांनी तुला लिहायला बसले आहे. फोनवर हे माझ्याने सांगवणार नाही. तू त्या स्पेनच्या मुलाशी लग्न करते म्हणालीस, तेव्हा पुन्हा तोंड दाखवू नकोस असं मी म्हटलं, आणि तू ते पाळलंस. बाबा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत.

स्टेशनातल्या नोकरीत असताना ते पोस्टाने एस्पेरांतो शिकले. कुणीतरी मुद्दाम बनवलेली भाषा. डहाणूत ती बोलायला त्यांना फक्त तू होतीस. जेवताना तुम्ही दोघं त्यात काहीबाही बोलून हसायचात, मी आपली भाकऱ्या थापत बसायचे. यंदा चैत्रात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. महिन्याभराने एकच शब्द परत आला, "वेनी." मला वाटलं, वेणी म्हणतायत. लग्न नवं असताना महालक्ष्मीच्या जत्रेतून त्यांनी मला अबोलीची वेणी आणली होती. म्हणून मी रोज बाजारातून वेणी आणायचे, या वयात माळून त्यांच्यासमोर बसायचे. ते बघायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे.

मग एका सोमवारी कपाट आवरताना तुम्हा दोघांची वही सापडली. तुझ्या लहानपणच्या अक्षरात लिहिलं होतं, वेनी म्हणजे येणे. खाली त्यांचं अक्षर: मूळ लॅटिन, स्पॅनिशमध्ये वेनीर, इटालियनमध्ये वेनीरे. चाळीस वर्षं संसार केला, त्यांच्याकडे एकच शब्द उरला, आणि तोही तुझ्यासाठी. मला तुझा हेवा वाटला, रुचिता. पोटच्या मुलीचा.

बाबा अचानक गेले, असं गौरवदादाने तुला कळवलं. त्याला तेवढंच ठाऊक होतं. बाकीचं फक्त मला माहीत आहे, म्हणून हे पत्र. झटक्याचं कळल्यावर तू त्याला येऊ का म्हणून विचारलंस, तेव्हा 'बरे आहेत, येऊ नकोस' हा निरोप मीच द्यायला लावला होता. वही सापडल्यावरही तो बदलला नाही. मंगळवारी ते पुन्हा तेच म्हणू लागले. मी त्यांचा हात धरून सांगितलं, "रुचिता निघालीय. दोन दिवसांत पोचेल." त्यानंतर त्यांनी तो शब्द एकदाही उच्चारला नाही. शुक्रवारी दुपारी जाईपर्यंत ते दाराकडे बघत होते. मी तुला फोन केलाच नव्हता.

तुझी म्हणवायला कचरणारी,
आई