फाटक्या कानाचा वाघ

प्रिय मामा,

राजवाडा पाहून आल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात रिकामा डबा वाजतो. उठून बघते, तर सगळे डबे जागच्या जागी. कुडव्याच्या या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत, खिडकी बंद असते. तूच असशील. म्हणून लिहिते. कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी, त्यांच्याशी बोलू नये. पण सुरुवात कोणी केली?

आम्हा निवृत्त बायकांची सहल होती, छत्तीसगडात. झुंबरं पाहिली, माणसाहून उंच आरसे पाहिले, मिशांना पीळ दिलेल्या राजांची तैलचित्रं पाहिली. एका चित्रात राजेसाहेब बंदूक रोखून उभे, समोर झेपावणारा वाघ, आणि साऱ्या जंगलात दुसरं चिटपाखरू नाही. मी गाइडला विचारलं, "भैया, शेर खुद चलकर आया था क्या, गोली खाने?"

बायका हसल्या. तो म्हणाला, "मॅडम, राजासाहब अकेले ही शिकार करते थे."

एकटे! मग तू आणि चिचगडची माणसं डबे बडवत वाघाला त्यांच्या मचाणाकडे हाकत होता, ते काय वरातीत?

पुढच्या दालनात तो होता. दोरीपलीकडे, पेंढा भरलेला, जबडा उघडा. डावा कान मधोमध फाटलेला आणि जाड दोऱ्याने शिवलेला. वाघ उलटून अंगावर आला तेव्हा तुझी कुऱ्हाड त्याच्या डाव्या कानात बसली, असं तुझ्या सोबत्यांनी आईला सांगितलं होतं. ते ऐकतच मी मोठी झाले. मामा, तुझ्या हातची एवढी एकच खूण जगात उरली आणि ती त्याच्या कानावर!

खाली इंग्रजी पाटी होती. चिचगडच्या जंगलातला नरभक्षक, राजेसाहेबांनी एकट्याने टिपला. बस, एवढंच. या वाघाने एकच माणूस मारला, तोही चहूबाजूंनी कोंडला म्हणून. त्या माणसाला नाव नव्हतं?

हॉस्टेलच्या फाटकाशी मला सोडताना तू म्हणाला होतास, "सीक, पोरी. आपल्या घरी सायबाले उत्तर देनारी कोनी तरी पायजे." ही पाटी वाचायला शिकवलंस का रे मला? आणि स्वतः तुला राजाला 'येत नाही' एवढं म्हणता आलं नाही? कायले गेलास?

वाघाने माणूस मारला त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्याने फांदी टाकायची, ही आपल्याकडची रीत. तुझा ढीग चिचगडच्या वाटेवर माझ्या कमरेइतका वाढला होता. मग रस्ता रुंद झाला. मशीन आलं आणि ढीग मातीसकट उचलून घेऊन गेलं. तेव्हापासून तू कुठे असशील, हे मला कळत नव्हतं.

मी बागेत गेले, कुंपणाच्या मेंदीची फांदी मोडली आणि परत येऊन वाघाच्या पंजांशी ठेवली.

गार्ड धावला. "आंटीजी, यहाँ कचरा मत डालिए!"

"कचरा नहीं है. मेरे मामा हैं."

माझी शेजारीण सिंधूबाई जवळ आली. "काऊन जी, भांडून राहिल्या?"

मी सगळं सांगितलं. तिने अंबाड्यातलं शेवंतीचं फूल काढलं, फांदीवर ठेवलं आणि गार्डकडे वळली. "आता उचलून दाखव बरं!"

त्याने उचललं नाही. "शाम को झाड़ू तो लगेगी ही," एवढंच पुटपुटला. खरंच होतं ते. तिथे तुला कसं ठेवू?

"चल," मी तुला म्हणाले. मोठ्याने म्हणाले असेन, कारण गार्ड मागे सरकला.

परतताना बसमध्ये खिडकीची जागा रिकामी ठेवली. सिंधूबाई बसायला आली, माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या जागेवर जाऊन बसली. देवरीला चिचगडचा फाटा आला. तू उतरशील असं वाटलं. नाही उतरलास. कुठे उतरणार? तुझ्या जागेवर डांबर आहे.

मामा, या रविवारी चिचगडला जाते. तूही चल. डांबर संपतं तिथे, मातीवर, पहिली फांदी मी ठेवीन, दुसरी सिंधूबाई. मग तिथेच बसून राहीन. कोणी थांबून विचारलंच, "कोनाची हो?" तर सांगेन, मंगरूची. राजासाठी वाघ उठवायला गेला होता, त्या मंगरूची. आणि विचारणाऱ्याच्याही हातात फांदी देईन.

तोवर वाजव डबा. मला ऐकू येतो.

तुझी उत्तर देणारी भाची,
शालू