फैजपूरच्या वेळचा मुलगा

१५ जानेवारी १९९३, शुक्रवार. धुळे

फळ्यावर आज लष्कर दिन लिहिला. पोरं फळा वाचत नाहीत, फळ्याखाली सायकली लावतात. तरी लिहिला. शाळेच्या फाटकातला हा फळा कैक वर्षं माझ्याकडे आहे. आज काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. दुसरं कोणी खडू हातात धरायला तयार नाही, म्हणून माझ्याकडे.

दुपारी हेडक्लार्क पाटीलने बोलावून सही घेतली. जन्मतारीख १ जून १९३५, सेवानिवृत्ती ३१ मे. "सुटलात सर," म्हणाला. कसला सुटतो. आवारातली खोली शाळेची आहे, नोकरीबरोबर ती जाणार. मी कुठेही पडून राहीन. मायचं काय? ऐंशीच्या पुढची म्हातारी, निम्मं दिसत नाही, माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही.

१७ जाने., रविवार

नंदा आली होती जळगावहून. एकुलती एक लेक, हिची आई गेल्यापासून माझी जास्तच काळजी करते. "बाबा, तुम्ही मेहरूणला आमच्याकडे या." आणि आजी? मी विचारलं. दोन खोल्या, त्यात तिची सासू, दोन पोरं. तिचा काय दोष. मग हळूच म्हणाली, "आजीला गावी काकांकडे ठेवलं तर?"

काका म्हणजे माझा चुलतभाऊ, धरणगावच्या पलीकडे आमच्या गावी असतो. मायने भिंतीकडे तोंड केलं होतं पण कान इकडेच. नंदा गेल्यावर म्हणाली, "माले कोठे धाडू नको. तुना जोडे ऱ्हाईन मी." बस, एवढंच. मग जेवली नाही.

२ फेब्रु., मंगळवार

पाटीलला सहज बोलून गेलो, की १ जून माझी तारीख नाहीच. हसला. "सर, ती कोणाचीच नाही. माझीबी १ जूनच."

खरं आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला धरून आणायचा, गुरुजी विचारायचे कधीचा? बाप आकाशाकडे बघायचा. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघत. पोचला की सात वर्षांचा, लिहा १ जून. आमच्या खानदेशात निम्मी जनता एकाच दिवशी जन्मली आहे. फळ्यावर कधी लिहीत नाही, पण एवढे जन्म दुसऱ्या कुठल्याच तारखेला झाले नसतील.

पाटील मात्र नंतर गंभीरपणे म्हणाला, "पुरावा असेल तर आणा. मातोश्रींचं प्रतिज्ञापत्र चालेल. मंजूर होईल असं सांगत नाही, नोकरी लागली तेव्हाच करायचं असतं हे. पण अर्ज संस्थेपुढे आहे तोवर खोली सोडा म्हणता येत नाही कोणाला."

रात्रभर तेच डोक्यात.

७ फेब्रु., रविवार

पुरावा आहे. माझ्या घरात बसून लसूण सोलतो आहे.

लहानपणापासून मायकडून ऐकत आलो. फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. बाप गावच्या चार जणांबरोबर बैलगाडीने तिकडे गेला. इकडे मायला कळा सुरू झाल्या. बाप टोपी घालून परत आला तर घरात पोरगा. डिसेंबर १९३६. इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. दरवर्षी त्या तारखेला फळ्यावर मी फैजपूर अधिवेशन लिहितो आणि मनात म्हणतो, आणि मी.

म्हणजे कागदापेक्षा मी दीड वर्षाने लहान. तेवढी नोकरी मिळाली तर माय याच खोलीत राहील. पुढचं पुढे. तिचं तरी किती राहिलंय.

१० फेब्रु., बुधवार

एक गोष्ट पाटीलला सांगितली नाही. इथेही कधी लिहिली नाही, पण आता अर्जात अडचण तीच आहे म्हणून लिहितो.

ती तारीख गुरुजींनी माझ्यासाठी लिहिलीच नव्हती. माझा मोठा भाऊ नामदेव, त्याच्यासाठी होती. तो दुसरीत असताना देवीच्या आजाराने गेला. मी पंडित. बाप मला पहिलीत घालायला घेऊन गेला तर गुरुजी म्हणाले, पटावरचं नाव कमी झालं की साहेब विचारतो, शाळा बंद पडायची. नामदेवच्या जागेवर यालाच बसव. बसलो. हजेरीला नामदेव म्हटलं की मी हजर म्हणायचं. तेव्हापासून म्हणतोच आहे. सातवीचा दाखला, मॅट्रिक, बी.ए., बी.एड., पगारपत्रक, सगळीकडे नामदेव. पंडित फक्त माय म्हणते.

गावात त्यात कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या दोन घरांतही असंच आहे. मायसमोर मात्र नामदेव हा शब्द कोणी काढत नाही. बापानेही कधी काढला नाही. लग्नात भटजींनी नाव पुकारलं तेव्हा ती उठून आत गेली होती.

अर्जात हे लिहिलं तर दाखलेच खोटे ठरतील. लिहायचं नाही. तारीख अंदाजाने पडली, खरी अशी अशी, एवढंच.

१२ मार्च, शुक्रवार

सकाळी फळ्यावर दांडीयात्रेचा आरंभ लिहिला. संध्याकाळी रेडिओवर मुंबईत ठिकठिकाणी स्फोट. माणसं किती मेली सांगतच आहेत. पुढच्या वर्षी या तारखेला दोन्ही लिहावं लागेल. पुढच्या वर्षी मी नसेन, कोणी लिहिणारच नाही हे विसरतो मी.

मायने विचारलं, काय झालं? सांगितलं. म्हणाली, "त्यास्ना मायस्नी कसं करो आते."

४ एप्रिल, रविवार. जळगाव

जावयाच्या ओळखीच्या वकिलांना भेटलो. तरुण आहेत, घाईत असतात. फैजपूरचं ऐकून खूश झाले. "सर, हे उत्तम. ऐतिहासिक घटनेशी जोडलेला जन्म. मातोश्रींना घेऊन या. मी मसुदा करून ठेवतो." सुटीत आणतो म्हणालो.

मेहरूणच्या तलावावर नातवंडांना घेऊन गेलो. धाकटी म्हणाली, आजोबा तुम्ही आता आमच्याकडेच राहणार ना, मग माझी गादी कोणाला? अगदी रास्त प्रश्न होता.

१६ एप्रिल, शुक्रवार

पहिली आगगाडी बोरीबंदर ते ठाणे. फळ्यावरचं शेवटचं लिखाण, उद्यापासून परीक्षा, मग सुटी. कोणालातरी शिकवून ठेवावं म्हणून नव्या शिक्षकांना विचारलं. "सर, त्या फळ्यावर संस्थेची जाहिरात रंगवायचं चाललंय," म्हणाले. बरं झालं. निदान रोज पुसावं लागणार नाही.

१ मे, शनिवार

झेंडावंदनानंतर आमचा निरोप समारंभ. संस्थेच्या सगळ्या शाळा मिळून आम्ही खुर्च्यांवर ओळीने बसलो होतो, गळ्यात सारखे हार. पाहुणे बाहेरचे, कुठले तरी कारखानदार. भाषणात म्हणाले, "काय विलक्षण योगायोग, आपले हे सर्व गुरुजन एकाच दिवशी जन्मले." टाळ्या. आमच्या ओळीत कोणी मान वर केली नाही. शेजारचे चौधरी सर पुटपुटले, "आमना बापले बी योगायोगच वाटना व्हता." मला हसू आवरेना. मग एकदम रडू यायला लागलं, म्हणून पाणी प्यायला उठलो.

शाल, नारळ, आणि एक भिंतीवरचं घड्याळ. भिंत कोणाची ते सांगितलं नाही.

११ मे, मंगळवार

मागच्या आठवड्यात मायला अर्जाचं समजावून सांगितलं. वकील वाचून दाखवतील, तू हो म्हणायचं, अंगठा द्यायचा. फैजपूरचं सांगायचं.

"ते कसाले?"

म्हटलं, त्याने आपल्याला खोली राहील. तू नि मी एकत्र. मान हलवली. पण त्या दिवसापासून फैजपूर म्हटलं की ती दुसरंच काही काढते. म्हातारपण, दुसरं काय.

२४ मे, सोमवार. जळगाव

काल मायला घेऊन नंदाकडे आलो. एसटीत तिला फार त्रास झाला. आज सकाळीच, ऊन चढायच्या आत, वकिलांकडे. कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल. त्यांनी मसुदा मोठ्याने वाचला. मी खाली सही करणारी अमुक, माझा मुलगा नामदेव याचा जन्म फैजपूर येथील अधिवेशनाचे वेळी...

माय नामदेव ऐकून हलली. मला वाटलं, त्या नावामुळेच. अंगठ्याला शाई लावली. ती हात पुढे करेना. माझ्याकडे बोट दाखवून वकिलांना म्हणाली,

"हाऊ नही."

वकील म्हणाले, काय आजी?

"फैजपूरना टायमाले व्हयना तो हाऊ नही. तो नामदेव व्हता. मना मोठा."

वकिलांना वाटलं, म्हातारीला समजलं नाही. "हेच तर नामदेव," म्हणाले. मी म्हटलं, उद्या येऊ. तिची शाई रुमालाने पुसली. 

२५ मे, मंगळवार

आठवून बघतो आहे. ती कधीच 'तू' म्हणाली नव्हती. "पोऱ्या व्हयना अन बाप फैजपूरले." दरवेळी पोऱ्या. घरात पोरगा मी एकच उरलो होतो, तर मी दुसरं काय समजणार? विहिरीत पडून वाचला तो पोऱ्या, गाडीमागे धावत गेला तो पोऱ्या, त्याला गूळ आवडायचा. सगळं मी माझं म्हणून घेतलं. विहिरीत पडल्याचं तर मला आठवतं असं शपथेवर सांगितलं असतं.

दुपारी नंदाची सासू झोपल्यावर विचारलं, मग मी कधीचा?

पदराने तोंड पुसलं. मग, "तुना टायमाले काहीच नही व्हतं. वावरमा कपाशी येचत व्हतू. घर उनू अन तू व्हयना."

कोणतं साल? कोणाचं लग्न, पूर, आजार, कोणी मेलं, काहीतरी असेल. दुष्काळ?

"काहीच नही रे. साधाच दिन व्हता."

म्हणजे मी आणखीच लहान. नोकरीची किती वर्षं खरी उरली होती देव जाणे, आणि दाखवायला एक दिवससुद्धा नाही. आयुष्यभर लोकांचे दिवस फळ्यावर लिहिले.

२७ मे, गुरुवार

वकिलांचा निरोप जावयाकडे. मसुदा तयारच आहे, नुसता अंगठा पाहिजे, सोमवारपर्यंत द्या, नंतर उपयोग नाही. जावई म्हणाला, "त्यात काय एवढं मामा, आजींना समजावा." चांगला आहे तो, वाईट हेतूने नाही म्हणाला.

खोटंही धड नाही ते. नामदेवचा जन्म फैजपूरच्या वेळचा, हे तर अक्षरन् अक्षर खरं आहे.

नाव त्याचं घेतलं. बाक त्याचा, हजेरी त्याची, दाखले त्याचे. जन्माचा दिवस तेवढा त्याच्याकडे राहिला होता, आणि तो मायने आजवर एकटीने जपला. तो मागायला मी चाललो होतो, तिच्याच अंगठ्याने.

२९ मे, शनिवार

आजच्या तारखेला एव्हरेस्ट सर झालं. सवयीने आठवलं. सांगायला कोणी नव्हतं. नंदाच्या सासूने सकाळी विचारलं, "आजी गावाला कधी निघणार?" नंदा स्वयंपाकघरात भांडी जोरात घासत होती.

गावाकडून चुलतभावाचा निरोप, गोठ्याशेजारची खोली मोकळी करतो. त्या खोलीला दार नाही, मी पाहिली आहे.

३१ मे, सोमवार

आज नोकरी संपली. शाळेला कुलूप असेल, तिथे कोणाला कळणारही नाही.

उठलो तर माय अंघोळ करून, लुगडं बदलून दारात बसलेली. हातात काठी.

"कव्हय जानं शे वकीलकडे?"

म्हटलं, कशाला? तू तर नाही म्हणालीस.

"तव्हय म्हनू. आते दी टाकस. लिखू दे तुनं नावे." मग काठी आपटून, "त्याले काय करनं शे आते त्यानं? तुले तर ऱ्हावाले घर नही."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याबद्दल माझ्याशी बोलली. बोलताना रडली नाही, मीच रडलो. ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती, पण तिला दिसत असेल असं नाही.

वकील दोनपर्यंत असतात. आता बारा वाजत आलेत. माय चपला घालून बसली आहे. मी तिला म्हटलं, ऊन फार आहे, थोडं थांबू.