तानीने जे पाहिलं

अमरावती, पौष, शके १७८५

प्रिय जमुना,

आपल्या बहिऱ्या लेकीला, तानीला, घेऊन तू अकोल्याला माहेरी गेलीस, त्याला पाच महिने झाले. इथला बाजार कापसाच्या गाड्यांनी तुंबला आहे. अमेरिकेतली लढाई संपेपर्यंत भाव उतरायचा नाही, म्हणतात. परवा त्याच बाजारात मुलींच्या शाळेवर बोललो. दोनशे माणसं ऐकत होती. घरी आलो, तानीचं एवढंसं पितळी भांडं पालथं पाहिलं, आणि स्वतःचा आवाजच नकोसा झाला.

तू गेलीस त्या सकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त आलेलं दिसलं, म्हणून मी तिचा जबडा धरून राखुंडीने दात घासले. ती चावली. मी मारलं. तू गाठोडं बांधलंस.

घर खायला उठतं, म्हणून रोज सकाळी नत्थुजी माळ्याच्या मळ्यात जाऊ लागलो. त्याच्या दोन्ही पोरी तानीसारख्याच, जन्मापासून बहिऱ्या. दात किडलेले. कडुनिंबाच्या काड्या दिल्या, हातवारे केले. पोरी काड्या फेकत आणि बापाची तंबाखू भाजून, तिची मशेरी बोटाने दातांना चोळत. मी आईबापांनाच तंबाखूवर व्याख्यान दिलं. नत्थुजीची बायको पार्बताबाई वांगी तोडता तोडता म्हणाली, "दादा, आमच्यावर काहून तापता? बोलनं झालं का तुमीच विहिरीवर मशेरी लावता. ह्या पोरी डोयानं आयकतात."

मी कनवटीची मशेरीची डबी काढून पाहिली. तानी मशेरी लावायला कुणाचं पाहून शिकली, हे तू किती वेळा सांगू पाहिलंस. मी बोलतच असे.

डबी उकिरड्यावर टाकली, त्याला दीड महिना झाला. आता पोरींसमोर नुसता बसतो. काडी चावून मऊ करतो. वरचे दात, खालचे दात, मग चूळ. त्यांना हात लावत नाही. धाकटी शकुन आधी हसायची, मग तिनेही काडी उचलली. काल ओठ वर करून तिने मला दात दाखवले, आणि तानी इतकी आठवली की मला उठून बांधावर जावं लागलं.

तुम्हाला परत बोलावण्यासाठी हे लिहीत नाही. बुधवारी कापसाच्या गाड्या अकोल्याला निघतील, त्यातून येईन. धर्मशाळेत उतरेन. सकाळी तुझ्या वडिलांच्या अंगणात, तानीपासून चार हात दूर, मला माझे दात घासू दे. तिने तोंड फिरवलं तर दुसऱ्या सकाळी पुन्हा येईन. तू तेवढी अंगणाची कडी काढून ठेव.

तुम्हा दोघींचाच,
वामन